पायावर चादरही सोसवेना

मे महिन्यातली गोष्ट. शेजारचे मामा यंत्रमागावरची पाळी संपवून घरी आले, जेवले, झोपले, आणि रात्री दोनला कळवळून उठले. सकाळी मी पाहिलं, तर उजव्या अंगठ्याचं मूळ लालबुंद, तकतकीत आणि गरम. डासांसाठी पांघरलेली चादरसुद्धा पायावर सोसवत नव्हती. “कुठं ठेच बी लागली न्हाई की ओ!”

गाऊट म्हणजे वातरक्त बहुतेकदा असंच गाठतं. पेशींतल्या आणि खाण्यातल्या प्युरिन नावाच्या घटकापासून यूरिक आम्ल तयार होतं. बऱ्याच सस्तन प्राण्यांत ते आणखी मोडणारं विकर असतं. माणसात त्याचं जनुक निकामी झालंय. रक्तात यूरिक आम्ल 100 मिलिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की त्याचे स्फटिक होऊ शकतात, थंड जागी तर लवकर. पाय धडापेक्षा थंड असतात, म्हणून पहिला फटका अंगठ्याला. पण सोलापुरात पारा 42 च्या वर असताना? घामानं शरीरातलं पाणी आटतं आणि यूरिक आम्ल दाट होतं. मग पांढऱ्या पेशी सांध्यातले सुईसारखे स्फटिक गिळू पाहतात आणि सूज भडकते.

ठणका चालू असताना रक्तातलं यूरिक आम्ल कधी कधी नॉर्मल येतं. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. “डाळ बंद करा” हा सल्लाही मला पटत नाही. मटण, कलेजी, बिअर, गोड थंड पेयं यांनी धोका वाढतो. डाळींनी तसा वाढलेला दिसत नाही. रक्तदाबासाठीच्या लघवीच्या काही गोळ्यांनीही यूरिक आम्ल चढतं, पण त्या मनानं थांबवू नका. गाऊटवरचं कोल्चिसीन हे औषध आपल्या कळलावीच्या कंदातही असतं. तो कंद जीवघेणा विषारी आहे, घरी उगाळून कधीच देऊ नका.

प्रत्येक दुखरा अंगठा गाऊटचा नसतो. नख मांसात रुततं, चपलेनं कुरूप होतं. वर्षानुवर्षं उभ्यानं काम करून सांधा झिजतो, तो पाऊल उचलताना अंगठा वाकला की दुखतो.

मामांना मधुमेह आहे, म्हणून मी त्यांना त्याच सकाळी दवाखान्यात नेलं. सांध्यात जंतू शिरले तरी अंगठा असाच दिसतो, आणि मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील तर जखम चिघळूनही दुखत नाही. डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं. त्यात जंतू नव्हते, स्फटिक होते.