क्लिक की सेशन? छोट्या सॉफ्टवेअरच्या साइटवर कोणता आकडा कशासाठी पाहावा

समजा, सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात तुमची साइट कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) सांगतंय की गेल्या २८ दिवसांत गूगलवरून ४०० क्लिक आले आणि गूगल ॲनालिटिक्समध्ये (आलेली माणसं साइटवर काय करतात ते मोजणारं साधन) गूगलवरून आलेली सेशन्स, म्हणजे साइटला दिलेल्या भेटी, दिसतायत २६०. एकट्याने सॉफ्टवेअर बनवून विकणारा माणूस हे पाहून आधी ट्रॅकिंग कोडमध्ये चूक शोधायला लागतो, आणि त्यात दोन संध्याकाळी जातात. बहुतेक वेळा चूक नसतेच. दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त ते दोन वेगळ्या जागी उभं राहून मोजलेले असतात.

क्लिक घडतो गूगलच्या पानावर. शोधाच्या निकालांतली तुमची लिंक दाबली गेली की तो मोजला जातो, मग तुमचं पान उघडो न उघडो. तोच माणूस मागे जाऊन तीच लिंक पुन्हा दाबतो तेव्हा मात्र दुसरा क्लिक धरत नाहीत. सेशन घडतं तुमच्या पानावर, आणि तेही ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट (पानात बसवलेला मोजणीचा कोड) चालली तरच. ३० मिनिटं काही हालचाल झाली नाही की सेशन संपतं. टॅब तसाच ठेवून जेवायला गेलेला माणूस परत येऊन त्याच पानावर फिरू लागला, तर ते दुसरं सेशन असतं.

त्यामुळे तफावत कुठून येते हे सांगता येतं. ॲड-ब्लॉकर स्क्रिप्ट अडवतो. कुकीची संमती नाकारली की मोजणी थांबते किंवा अर्धवट होते. पान जड असेल तर स्क्रिप्ट चालण्याआधीच माणूस परत फिरतो. मॅन्युअलची पीडीएफ थेट शोधात सापडत असेल तर तिच्यावरचा क्लिक मोजला जातो, सेशन कधीच होत नाही. तुमचं सॉफ्टवेअर प्रोग्रामर किंवा सिस्टीम सांभाळणारी मंडळी वापरत असतील, तर ॲड-ब्लॉकरमुळे ही गळती आणखी वाढते. शिवाय सर्च कन्सोल दिवस मोजतं अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार आणि ॲनालिटिक्स तुम्ही निवडलेल्या वेळेनुसार, म्हणून एकेका दिवसाची तुलना करण्यात अर्थच नाही. तुलना करताना ॲनालिटिक्समध्ये फक्त गूगलचा विनाजाहिरात शोध निवडा. 'ऑर्गॅनिक सर्च' हा गट निवडलात तर त्यात बिंग आणि डकडकगोही येतात.

आता कामाचा भाग. माणसं कोणत्या शब्दांनी शोधतात आणि निकालात दिसूनही का दाबत नाहीत, हे विचारायचं सर्च कन्सोलला. एक उदाहरण जवळून बघू. तुमचं सॉफ्टवेअर शेकडो फोटोंची नावं एका फटक्यात बदलतं. परफॉर्मन्स अहवालात ३ महिन्यांचा काळ घ्या, एकच पान निवडा आणि क्वेरी (लोकांनी टाइप केलेले शोध) इम्प्रेशननुसार, म्हणजे निकालात पान किती वेळा दिसलं त्यानुसार, लावा. 'फोटोंची नावं एकदम बदलणे' या शोधात पान सरासरी पाचव्या-सहाव्या जागी, इम्प्रेशन भरपूर, क्लिक नगण्य. पानाचा टायटल टॅग (पानाचं शीर्षक) काय, तर सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती ३.२. ते नाव शोधणाऱ्याने कधी ऐकलेलंच नाही. टायटलमध्ये आधी काम लिहा, नाव शेवटी: 'शेकडो फोटोंची नावं एकदम बदला, विंडोज आणि मॅकसाठी' आणि त्यापुढे सॉफ्टवेअरचं नाव. बदलल्याची तारीख टिपून ठेवा आणि किमान ४ आठवडे हात लावू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

सरासरी स्थान हा आकडा मात्र फसवा आहे. एखादा नवा लेख टाकल्यावर साइट आणखी पन्नास शब्दांसाठी चाळिसाव्या जागी दिसू लागते आणि एकूण सरासरी घसरते, जरी आधीचं काहीच गमावलेलं नसतं. स्थान पाहायचं ते एकेका क्वेरीचं. अगदी मोजक्या लोकांनी शोधलेल्या क्वेरी गूगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, म्हणून तक्त्यातल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्याहून कमी भरते. लहान साइटवर हा दडलेला वाटा चांगलाच मोठा असू शकतो.

आल्यावर माणसं काय करतात, हे विचारायचं ॲनालिटिक्सला. इथे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे डाउनलोडची मोजणी. जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४) फाइल डाउनलोड आपोआप मोजतं, पण ठरावीक एक्स्टेन्शनपुरतंच (फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग). त्या यादीत ईएक्सई, झिप आणि पीकेजी आहेत. मॅकची डीएमजी आणि विंडोजची एमएसआय नाहीत. मॅकचे डाउनलोड शून्य दिसतात आणि माणूस मॅकची आवृत्ती बंद करायच्या विचाराला लागतो! डाउनलोडची लिंक एक्स्टेन्शन नसलेल्या पत्त्यावरून पुढे वळवली असेल, तरीही हेच होतं. उपाय सोपा आहे: प्रत्येक डाउनलोड बटणाच्या क्लिकवर स्वतःचा इव्हेंट (ॲनालिटिक्समधली एका कृतीची नोंद) पाठवा, त्यात प्लॅटफॉर्म आणि आवृत्ती घाला.

दुसरी अडचण पैसे भरण्याच्या पानाची. खरेदी दुसऱ्या डोमेनवर होऊन ग्राहक तुमच्या आभाराच्या पानावर परतत असेल, तर विक्रीचं श्रेय त्या पेमेंट सेवेला जाऊ शकतं आणि गूगलवरून काहीच विकलं जात नाही असं वाटतं. डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफरलची (माणूस ज्या साइटवरून आला तिची) यादी असते, तिथे ते डोमेन घाला. साइट सुरू केल्या दिवशीच आणखी एक सेटिंग बदला: ॲनालिटिक्समधल्या एक्सप्लोरेशन या सविस्तर अहवालांसाठी डेटा ठेवायची मुदत मुळात २ महिने असते, ती १४ महिने करा. आधी पुसला गेलेला डेटा नंतर परत मिळत नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांपर्यंत मागचं दाखवतं.

दोन्ही साधनं एकमेकांना जोडता येतात आणि जोडावीतही, पण तेवढ्याने आकडे जुळतील अशी आशा धरू नका. तक्ते एका जागी दिसतात, मोजणी वेगळीच राहते. लक्ष ठेवायचं ते गुणोत्तरावर. दर महिन्याला १०० क्लिकमागे ६५च्या आसपास सेशन्स होत असतील तर चिंता नाही. तेच अचानक ३०वर आले, तर संमतीची नवी पट्टी, साइटचा नवा साचा किंवा एखाद्या पानावरून गळालेला ॲनालिटिक्सचा टॅग (तीच मोजणीची स्क्रिप्ट), याच क्रमाने शोधा.

डाउनलोडचा खरा आकडा हवा असेल तर सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, उघडा. तिथे ना ॲड-ब्लॉकर आड येतो ना संमती. फक्त तीन गोष्टी गाळा. एक, बॉट, म्हणजे आपोआप साइट धुंडाळणारे प्रोग्राम. दुसरी, स्टेटस २०६ (फाइलचा फक्त एक तुकडा पाठवला) असलेल्या जादा ओळी, कारण एकच डाउनलोड तुकड्यातुकड्यांनी झालं की त्याच्या अनेक ओळी पडतात. एकाच आयपी पत्त्यावरून लागोपाठ आलेल्या अशा ओळी मिळून एक धरा. तिसरी सगळ्यात सहज निसटते: तुमच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा अपडेटर तीच फाइल उतरवत असेल, तर नवी आवृत्ती निघाल्या दिवशी जुने ग्राहकच नवे म्हणून मोजले जातात. अपडेटरसाठी फाइलचा पत्ता वेगळा ठेवा.