झाडीपट्टीतून नाट्यकलेच्या पदवीकडे : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वेळ

नाट्यकला शिकायला बारावीला कोणती शाखा लागते, हा झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरीकडच्या पालकांचा पहिला प्रश्न असतो. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही चालते. टक्क्यांची अट मात्र विद्यापीठागणिक वेगळी. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय या टप्प्यावर डोक्यातून काढा. तिथल्या ३ वर्षांच्या पदविकेला आधी पदवी आणि किमान ६ नाटकांतला सहभाग लागतो.

पदवीसाठी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तिथे नाटक हाच मुख्य विषय. लिबरल आर्ट्स विद्यापीठांची रीत निराळी: सुरुवातीला भाषा, समाजशास्त्र, गणित असं बरंच शिकायचं आणि मग मेजर, म्हणजे मुख्य विषय ठरवायचा. शिकवणं बहुतेक इंग्रजीत. फसगत होते ती मेजर-मायनरच्या घोळात. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्स मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून घेता येतं. म्हणजे मेजर दुसरा निवडावा लागतो. म्हणून माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि नाटकाचे क्रेडिट (श्रेयांक) किती, ते मोजा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. आपल्याकडे नेमका तेव्हाच नाटकांचा हंगाम लागतो आणि तो संपता संपता बारावीची परीक्षा येते. त्यामुळे निबंध, व्हिडिओ आणि उत्पन्नाचे कागद पावसाळ्यातच तयार करा. नंतर वेळ मिळत नाही.

झाडीपट्टीच्या नाटकांत मंडपात केलेलं काम अर्जात धरलं जातं, पण पुरावा लागतो. प्रत्येक प्रयोगाचं हँडबिल जपा, तारीख आणि गाव दिसेल असं स्कॅन करा. हँडबिलवर बिरुदासकट टोपणनाव छापलेलं असतं आणि गुणपत्रिकेवर पूर्ण नाव. म्हणून नाट्यमंडळाच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात दोन्ही नावं, भूमिका, हंगाम, प्रयोगांची संख्या, अध्यक्षांची सही आणि फोन नंबर हवा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरला असाल तर त्याचं प्रमाणपत्र जोडा. निबंधात ‘मला लहानपणापासून अभिनयाची आवड आहे’ हे वाक्य नको. समोर बसलेल्या प्रॉम्प्टरचा शब्द कानावर पडताच तो पुढच्या क्षणी आपला करून कसा बोलता, हे नीट लिहा. शहरातल्या नाट्यशिबिरात हे कुणी शिकवत नाही.

ऑडिशनच्या व्हिडिओत सहसा दोन वेगळ्या बाजाची स्वगतं मागतात, प्रत्येकी २-३ मिनिटांची. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, ७-८ फुटांवर, उजेड समोरून, एकच सलग टेक, मागे संगीत नको. रात्रीच्या प्रयोगाचं चित्रण पाठवू नका. टांगलेल्या माइकसाठी आणि शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज फोनमध्ये फाटतो आणि चेहरा दिसत नाही. लिंक पाठवल्यावर दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. ड्राइव्हची परवानगी बंद राहिल्यानं चांगले अर्ज अडकतात.

फीचा आकडा पाहून मागे फिरू नका. गरजेनुसार आर्थिक मदत देणाऱ्या विद्यापीठांत तिचा फॉर्म वेगळा असतो आणि तिथेच शेतकरी कुटुंबं अडखळतात. फॉर्म आयकर विवरणपत्र मागतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे ते बहुतेकांकडे नसतं. ती जागा रिकामी सोडू नका. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, सातबारा, ८-अ (जमिनीचा खातेउतारा), ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि विवरणपत्र का नाही याचं स्वयंघोषणापत्र जोडा. सातबारा सामाईक असेल तर चार भावांची जमीन एकट्याची वाटते. तुमचा हिस्सा किती, ते घोषणापत्रात लिहा. खरेदी केंद्रावर विकलेल्या धानाचे पैसे खात्यात एकदम येतात आणि तपासणाऱ्याला ते महिन्याचं उत्पन्न वाटू शकतं. त्या नोंदीपुढे ‘वर्षभराचं धान’ असं लिहून विक्रीची पावती लावा.

जातीच्या दाखल्यात नमुन्याची चूक हमखास होते. केंद्रीय विद्यापीठात राज्याचा ओबीसी दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, ३१ मार्चनंतर काढलेला नॉन-क्रिमिलेअर लागतो. व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) आणि एसबीसी (विशेष मागास) हे प्रवर्ग केंद्राच्या फॉर्ममध्ये नसतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा आणि सेतू केंद्रात अर्ज करतानाच ‘केंद्राचा नमुना’ असं सांगा. राज्यात शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांनी स्वाधार, तर अनुसूचित जमातीच्या मुलांनी स्वयं योजनेचे निकष वाचावेत. शासकीय वसतिगृह न मिळाल्यास राहण्या-जेवणाचा खर्च त्यातून निघू शकतो.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरा. आधारवर वडिलांचं नाव सुटलं असेल किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक काढा. राज्याबाहेर प्रवेश मिळाला तर नागपूर विभागीय मंडळाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट घ्या. मूळ टीसी जमा करण्यापूर्वी तिच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. एकदा दिलेली टीसी दुसरीकडे प्रवेश घ्यायचा झाला तर लवकर परत मिळत नाही.