झूम लेन्सवरचा धाकटा आकडा

प्रवासासाठी एकच झूम लेन्स घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "यातून किती लांबचं येतं?" मग १८-१३५पेक्षा १८-२०० बरी, त्याहून १८-३०० बरी, अशी बोली चढत जाते. माझं म्हणणं, थोरल्या आकड्याला एवढा मान देऊ नका. लेन्स कामाला येणार की पस्तावायला लावणार, हे बहुतेक वेळा धाकटा आकडा ठरवतो.

हे आकडे म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंथ. ती जितकी लहान, तितकं दृश्य रुंद. ३६ मिमी रुंदीच्या फुल फ्रेम सेन्सरवर २४ मिमीची लेन्स आडवं सुमारे ७४ अंशांचं दृश्य पकडते, २८ मिमीची साधारण ६५ अंशांचं. फरक चारच मिलिमीटरचा, पण आठ-नऊ अंश हातचे गेले. दुसऱ्या टोकाला २०० मिमीला जेमतेम १० अंश दिसतात आणि ३०० मिमीला ७. म्हणजे तिथे शंभर मिलिमीटर वाढवून कोन घटला तो तीन-साडेतीन अंशांनी.

टेलीच्या, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या बाजूला खरा हिशेब पटीचा असतो, हे कबूल. ३०० मिमीला वस्तू २०० मिमीपेक्षा दीडपट मोठी येते. पण ती दीडपट नंतर फोटो कापूनही मिळते. २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढा कापला तरी साडेदहाच्या वर मेगापिक्सेल उरतात, ए-फोर कागदावर छापायला भरपूर. चौकटीबाहेर राहिलेली भिंत मात्र घरी येऊन आत घेता येत नाही. दोन-तीन फोटो जोडून पॅनोरमा करता येतो, पण समोरून माणसं चालत असली की त्यात कुणाचा हात तुटतो, कुणाला दोन डोकी येतात.

वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात हे लगेच कळतं. मंदिर डोंगरात वरून खाली कोरत आणलेलं, भोवती उभे कडे, त्यामुळे मागे सरकायला फारशी जागा नाही. दहा मीटरवरून २४ मिमीत मंदिराची १५ मीटर रुंदी मावते, २८ मिमीत तेराहूनही कमी. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या तोडीचा असतो. त्याची सवय झालेल्या डोळ्याला २८ मिमी कोंदट वाटते. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ मिमी म्हणजे फुल फ्रेमवरची साधारण २७ (कॅननमध्ये २९), तेव्हा तिथे १६पासून सुरू होणारी लेन्स शोधावी. फुजीफिल्मची १६-८० तशी आहे.

दुसरा धाकटा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा. हा एफ-आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. २०० मिमीला एफ/२.८ हवं तर ७१ मिमीचं छिद्र लागतं, एफ/६.३ला ३२ मिमी पुरतं. मोठं छिद्र म्हणजे मोठी, जाड भिंगं. म्हणूनच ७०-२०० एफ/२.८ लेन्स किलोच्या वर जाते आणि सुपरझूम (खूप मोठ्या पल्ल्याची झूम) निम्म्या वजनात बसते. झूमचा पल्ला मात्र वाढत गेला. १९५९ साली स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली, व्होइग्टलँडरची झूमर. ती ३६ ते ८२ मिमी, म्हणजे सव्वादोन पटच. १९९२मध्ये टॅमरॉनने सात पटींची आटोपशीर २८-२०० आणली.

पण भौतिकशास्त्र उधारी देत नाही. २०२०मध्ये आलेल्या दोन लेन्स बघा. निकॉनची २४-२०० एफ/४-६.३, वजन ५७० ग्रॅम. सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी टॅमरॉनची २८-२०० एफ/२.८-५.६, वजन ५७५ ग्रॅम. वजन जवळपास तेवढंच. एकीने रुंदी घेतली, दुसरीने ते चार मिलिमीटर सोडून वाइडला (रुंद टोकाला) दुप्पट प्रकाश घेतला. कॅननची २४-२४० तर वाइड टोकाला सॉफ्टवेअरवर विसंबते. मूळ चित्र पिंपासारखं फुगलेलं आणि कोपरे काळे असतात, कॅमेरा ते ताणून सरळ करतो. ताणलेले कोपरे थोडे मऊ पडणारच.

प्रकाशाचा प्रश्न अजिंठ्यात येतो. आत अंधूक उजेड, फ्लॅशला बंदी. तरी चित्रं भिंतीवर स्थिर आहेत, त्यामुळे चांगलं स्टॅबिलायझेशन असेल तर १/८ सेकंदालाही हातात धरून वाइड फोटो निघतो. वारीत, संध्याकाळी, हाच उपाय फसतो. स्टॅबिलायझेशन फक्त आपला हात सावरतं, समोर फुगडी घालणाऱ्या बायकांना थांबवत नाही. तिथे १/२५० सेकंद हवा, म्हणजे मोठं अपर्चर नाहीतर चढा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आणि त्याच्यासोबत फोटोत येणारे दाणे.

म्हणून माझी पसंती २४-१०५ किंवा २४-१२०, सगळ्या झूमभर एफ/४. वजन सहाशे-सातशे ग्रॅम. एफ/६.३पेक्षा सुमारे अडीचपट प्रकाश देतात. धूळ-पावसात लेन्स बदलायची वेळ क्वचितच येते, आणि पावसाळी सह्याद्रीत ही सोय साधी नाही.

ताडोबाला निघाला असाल तर गोष्ट वेगळी. तिथे २४०ही तोकडी पडते. ४०० मिमीच्या पुढची लेन्स तेवढ्या दिवसांपुरती भाड्याने घ्यावी. पुण्या-मुंबईत मिळते. फक्त ताब्यात घेताना टेली टोकाला दोन-चार फोटो काढून कोपरे मोठे करून बघा आणि काचेवर बुरशीचे धागे नाहीत ना, हे उजेडासमोर धरून तपासा.