कागदातल्या खुणेपासून किल्लीपर्यंत

नाशिकरोडला कुणी ‘प्रेसमध्ये आहे’ असं म्हटलं, की तो पत्रकार असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. इथली प्रेस नोटा, टपाल तिकिटं, मुद्रांक आणि पासपोर्ट छापते. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाली. त्याआधी भारताची तिकिटं लंडनहून, डे ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२८ साली शेजारी करन्सी नोट प्रेस उभी राहिली. अस्सल ओळखू यावं आणि नक्कल जमू नये, हेच या गावाचं शंभर वर्षांचं काम. बॅक-एंडवरून, म्हणजे पडद्यामागचे सर्व्हर सांभाळण्याच्या कामावरून, सुरक्षित प्रणालींकडे वळणारा नाशिकचा इंजिनियर तेच काम करतो, फक्त कागदाशिवाय.

फरक आहे तो गुपित कुठे ठेवायचं, यात. नोटेचा भरवसा तिचा कागद, शाई आणि जलचिन्ह दुसऱ्याला मिळणार नाही यावर असतो. कूटशास्त्रात, म्हणजे मजकूर सांकेतिक करून गुप्त ठेवण्याच्या विद्येत, हे चालत नाही. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत, म्हणजे मजकूर उलगडणाऱ्या गुप्त आकड्यात असावं, हे भाषातज्ज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलं. २००१ साली अमेरिकेने मानक ठरवलेली एईएस ही मजकूर सांकेतिक करण्याची पद्धत खुल्या स्पर्धेतून निवडलेली आहे. ती कुणीही वाचावी, तिच्यावर कुणीही हल्ला करून पाहावा.

माझ्या मते खरा बांध फुटला तो १९७६ साली. तोपर्यंत दोघांना गुप्त बोलायचं तर आधी एकच किल्ली दोघांकडे पोचवावी लागे. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी ती अट काढून टाकली. पुढच्याच वर्षी आरएसए ही दोन किल्ल्यांची पद्धत आली : खाजगी किल्लीने सही करायची, ती खरी की खोटी हे सार्वजनिक किल्लीने कुणीही तपासायचं. भारतात अशा सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिली.

पण मग हे काम गणितज्ञांचं, त्यात सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काय? याचं उत्तर एप्रिल २०१४ मध्ये मिळालं. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाची चूक सापडली. समोरून आलेल्या संदेशाची लांबी कोडमध्ये पडताळलीच जात नव्हती. त्यामुळे एका विनंतीसरशी सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर बाहेर पडे, आणि त्यात खाजगी किल्लीही सापडू शकत असे. गणित शाबूत होतं, चूक आम्हा सर्व्हर आणि कोड सांभाळणाऱ्यांच्या हद्दीतली होती. किल्ली कुठे ठेवायची, कुणाला द्यायची, कधी बदलायची, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) चुकून काय उमटतंय, हे बघणं या नोकरीचा मोठा भाग झालं.

आता दोन्ही धागे नाशिकमध्येच एकत्र आलेत. इथे तयार होणाऱ्या ई-पासपोर्टमध्ये चिप असते. तिच्यातल्या माहितीवर डिजिटल सही असते. नावातलं एक अक्षर बदललं तरी तपासणीत ती सही जुळत नाही.

मात्र पुरेसा मोठा क्वांटम संगणक आरएसए फोडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवलंय. त्यापुढे टिकाव्यात अशा पद्धतींची पहिली तीन मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये आली. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, म्हणजे आजच्या सहीलाही तेवढं टिकायला हवं. म्हणून आपल्या प्रणालीत आरएसए कुठेकुठे बसलंय, याची यादी करण्यापासून सुरुवात करावी लागते.