गाठीच्या रक्तवाहिन्या: मेंदूच्या कर्करोगातल्या एका खुणेची पार्श्वभूमी

मेंदूतल्या गाठीच्या बायोप्सी रिपोर्टात ‘मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन’ असं लिहून आलं, की न्यूरोसर्जनला पुढचं बरंचसं कळून चुकतं. गाठीत बारीक रक्तवाहिन्यांची बेसुमार वाढ झाली आहे, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात प्रौढांच्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात (मेंदूतल्या तारकाकृती आधार-पेशींच्या गाठीत) आयडीएच जनुक बदललेलं नसेल आणि ही एक खूण दिसली, तर ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे चौथी आणि सर्वांत आक्रमक श्रेणी, असं निदान करता येतं. जनुकांच्या एवढ्या चाचण्या आल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसणारी ही खूण टिकून आहे.

ती पहिल्यांदा दिसली त्याला आता शतक उलटून गेलं. मेंदूतल्या आधार-पेशींच्या गाठींसाठी ‘ग्लिओमा’ हा शब्द १८६० च्या दशकात जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिर्कोनं रूढ केला. पुढे १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी या गाठींचं पहिलं व्यवस्थित वर्गीकरण केलं. त्या काळच्या अभ्यासकांना ग्लिओब्लास्टोमातल्या रक्तवाहिन्या विचित्र दिसत होत्या. निरोगी मेंदूतली केशवाहिनी म्हणजे एकेरी अस्तराची बारीक नळी. इथे अस्तराच्या पेशी थरांवर थर चढवतात, वाहिनी स्वतःभोवतीच वेटोळे घेते आणि मूत्रपिंडातल्या गाळणीसारखे गुच्छ तयार होतात. पण हे गाठ वाढल्याचे परिणाम आहेत, असंच बराच काळ मानलं गेलं. वाहिन्या हे गाठीच्या वाढीचं कारण असू शकतं, हा विचार फार उशिरा आला.

तो विचार ठामपणे मांडला बोस्टनचे सर्जन ज्यूडा फोकमन यांनी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकन नौदलाच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. शरीराबाहेर काढून द्रावणावर जिवंत ठेवलेल्या सशाच्या थायरॉइड ग्रंथीत त्यांनी आणि फ्रेडरिक बेकर यांनी कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी तयार झाल्या, पण एक-दोन मिलिमीटरवर येऊन थांबल्या. त्याच गाठी उंदरात घातल्या, तर झपाट्यानं वाढल्या. फरक एकच होता: उंदरात नव्या वाहिन्या फुटत होत्या, काढलेल्या ग्रंथीत फुटत नव्हत्या. १९७१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी लिहिलं, की गाठ एखादा पदार्थ सोडून स्वतःकडे वाहिन्या ओढून घेते, आणि तो पदार्थ अडवला तर गाठ रोखता येईल. पुढची कितीतरी वर्षं या म्हणण्याकडे शंकेनंच पाहिलं गेलं. १९७२ मध्ये फोकमन यांच्याबरोबर स्टीव्हन ब्रेम आणि रॅम्झी कोट्रान यांनी वाहिन्यांना गुण देण्याची पद्धत मांडली: वाहिन्या किती, त्यांच्या अस्तरात पेशी किती, आणि त्या पेशी दिसायला कशा. ब्रेम पुढे न्यूरोसर्जन झाले. मेंदूतल्या गाठींच्या बाबतीत नुसतं ‘दिसतंय’ म्हणण्याऐवजी ‘मोजूया’ म्हणण्याचा प्रवाह तिथून सुरू झाला.

तो पदार्थ सापडला, पण सरळ वाटेनं नाही. १९८३ मध्ये बोस्टनमध्येच डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोराक यांना गिनी पिगच्या गाठीतून एक प्रथिन मिळालं. त्यानं वाहिन्या झिरपू लागत, आणि हिस्टमिनपेक्षा (अ‍ॅलर्जीत वाहिन्या झिरपवणाऱ्या रसायनापेक्षा) ते हजारो पटींनी प्रभावी होतं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेन्टेक कंपनीतल्या नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढवणारं प्रथिन वेगळं केलं आणि त्याला व्हीईजीएफ म्हटलं. दोन्ही प्रथिनांच्या जनुकांचा क्रम समोर आला, तेव्हा कळलं की रेणू एकच. एकाच प्रथिनामुळे वाहिन्या फुटतात आणि त्याच वाहिन्या गळक्याही होतात.

मेंदूच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. मेंदूच्या वाहिन्या मुळात घट्ट बंद असतात. रक्तातलं फारसं काही सहज आत जाऊ शकत नाही. गाठीच्या वाहिन्या मात्र झिरपतात, म्हणून एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ पांढरी चमकते, आणि म्हणूनच तिच्या आसपास सूज येते. कवटीत जागा नसते, त्यामुळे अनेकदा रुग्णाचे हाल गाठीपेक्षा त्या सुजेनंच अधिक होतात. मेंदूच्या सुजेसाठी १९६१ पासून वापरात असलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ती उतरवतं, पण ते फार दिवस चालू ठेवलं तर साखर वाढते, स्नायू अशक्त होतात, चेहरा सुजतो.

मग आलं १९९२. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध होते, एक जर्मनीतल्या कार्ल प्लेट आणि वेर्नर रिसाऊ यांच्या गटाचा, दुसरा जेरुसलेममधल्या एली केशेत यांच्या गटाचा. ग्लिओब्लास्टोमाच्या स्लाइडवर मृत पेशींचा पट्टा असतो आणि त्याच्या कडेनं जिवंत पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या दाटीनं उभ्या असतात. या पेशी ऑक्सिजनला मुकलेल्या असतात, आणि व्हीईजीएफची निर्मिती नेमकी इथेच सर्वाधिक आढळली. गाठ आपल्या गतीनं रक्तपुरवठ्याच्या पुढे जाते, गुदमरते, आणि गुदमरलेल्या पेशी नव्या वाहिन्यांसाठी हाक मारतात. इतक्या वर्षांत पाहिलेल्या दोन खुणा, मृत पेशींचा पट्टा आणि वाहिन्यांचे गुच्छ, एकमेकींशी अशा जोडल्या गेल्या. मला तरी या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर टप्पा वाटतो.

त्याला दुजोरा मिळाला तो एका दुर्मिळ आजारातून. व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारात छोट्या मेंदूत हिमॅन्जिओब्लास्टोमा होतो, आणि ही गाठ म्हणजे जवळजवळ वाहिन्यांचंच जाळं. १९९३ मध्ये त्याचं जनुक सापडलं. ते बिघडलं की ऑक्सिजन पुरेसा असतानाही पेशी तो कमी असल्यासारख्या वागतात आणि व्हीईजीएफ सोडत राहतात. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या संशोधनासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

मोजण्याचं काय झालं? १९९१ मध्ये स्तनाच्या कर्करोगात वाहिन्यांच्या घनतेवरून आजाराचा पुढचा अंदाज बांधता येतो असं दिसलं, आणि मेंदूवर काम करणारेही वाहिन्यांच्या अस्तरावरची सीडी३१, सीडी३४, सीडी१०५ ही प्रथिनं अँटीबॉडीनं रंगवून वाहिन्या मोजायला बसले. पण स्लाइडवरची कुठली जागा निवडायची, कोणतं अँटीबॉडी वापरायचं, गुच्छाला एक वाहिनी धरायची की दहा, यावर निकाल बदलत. रोजच्या निदानात हा आकडा स्थिरावला नाही. इथे जुन्या पॅथॉलॉजिस्टांची नजर आकड्यापेक्षा खरी ठरली, कारण संख्येपेक्षा वाहिनीचं रूप अधिक बोलतं.

अपेक्षा मात्र औषधाकडून होती. १९९३ मध्ये व्हीईजीएफविरोधी अँटीबॉडीनं उंदरांत ग्लिओब्लास्टोमासह इतर गाठींची वाढ रोखली. तिच्यातूनच बेव्हासिझुमॅब हे औषध आलं आणि मे २००९ मध्ये अमेरिकेत उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठी त्याला घाईनं मान्यता मिळाली. युरोपनं त्याच वर्षी ती नाकारली. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत गाठ वाढेपर्यंतचा काळ ६.२ महिन्यांवरून १०.६ महिन्यांवर गेला, पण आयुर्मान १६.७ आणि १६.८ महिने, म्हणजे जवळपास तेवढंच. दुसरीतही आयुर्मान वाढलं नाही.

एमआरआयनं डॉक्टरांना चकवलं होतं. औषधानं वाहिन्यांची गळती थांबली, कॉन्ट्रास्ट झिरपेनासा झाला, आणि गाठ जिवंत असतानाही फोटोत ती मावळल्यासारखी दिसली. म्हणून २०१० मध्ये प्रतिसाद मोजण्याचे निकष बदलले. शिवाय पॅथॉलॉजिस्ट शेरर यांनी १९३८ मध्येच दाखवलं होतं, की ग्लिओमाच्या पेशी आधीच असलेल्या वाहिन्यांच्या कडेकडेनं सरकतात. म्हणजे त्यांना नेहमी नवी वाहिनी लागतेच असं नाही.

आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी राकेश जैन यांनी २००१ मध्ये वेगळा विचार मांडला: वाहिन्या बंद पाडण्याऐवजी त्यांची घडी सुधारली, तर केमो आणि रेडिएशनचा परिणाम वाढेल. सूज आटोक्यात आणणं आणि स्टिरॉइड कमी करणं यासाठी बेव्हासिझुमॅब आजही दिलं जातं. रेडिएशननंतर मेंदूत होणाऱ्या पेशीमृत्यूतही त्याचा उपयोग होतो. पण कुणाला त्याचा फायदा होईल हे आधीच सांगू शकेल असा विश्वासार्ह मार्कर, रक्तातला असो वा स्लाइडवरचा, अजून रोजच्या वापरात आलेला नाही. औषध कुणाला द्यायचं हे आज लक्षणं, सूज आणि डॉक्टरांचा अनुभव यांवरच ठरतं.