रिकाम्या टाकीतली हवा

हवाई दलाच्या तळावर उभ्या असलेल्या विमानाच्या पंखाखाली ओला डाग दिसतो. इंधन प्रणालीचा मेकॅनिक तो फडक्याने कोरडा पुसतो आणि घड्याळ बघतो. 30 मिनिटांनी ओल पुन्हा कितपत पसरली, हे त्याला मोजायचं असतं. साधारण दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर तो नुसता डाग. चारच्या आसपास गेली तर झिरपणं, दहापर्यंत गेली तर जोराचं झिरपणं, आणि ओघळ लागला तर वाहती गळती. डाग उघड्या हवेत असेल तर बहुधा नोंद करून विमान उडू देतात. तोच डाग बंदिस्त जागी, विजेच्या तारांशेजारी असेल तर मात्र हिशेब बदलतो.

गळती दिसते कुठे आणि असते कुठे, ही या कामातली पहिली डोकेदुखी. बऱ्याच विमानांच्या पंखात वेगळी टाकी नसतेच. पंखाचा पोकळ सांगाडाच इंधनाने भरायचा. पत्रे, आडव्या फासळ्या आणि हजारो रिव्हेट यांच्या सांध्यांवर आतून पॉलिसल्फाइडचं रबरासारखं सीलंट फासलेलं असतं. उडताना पंख वाकतो, तापतो, गोठतो आणि या लेपाला कधीतरी केसाएवढी चीर पडते. इंधन एका रिव्हेटपाशी आत शिरतं, दोन पत्र्यांच्या फटीतून गुपचूप सरकतं आणि भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. बाहेरून तिथे लेप थापून काहीच साधत नाही. म्हणून मेकॅनिक उलटा माग काढतो. टाकी रिकामी करायची, बाहेरच्या ओल्या जागेतून हलक्या दाबाची हवा आत सोडायची आणि आतल्या सांध्यांवर साबणासारखं द्रावण लावून बुडबुडा कुठे फुगतो ते बघायचं. पण त्यासाठी कुणीतरी आत शिरायला हवं.

इंधनाने काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची असते. द्रव इंधन स्वतः जळत नाही, जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत हवा भरपूर असते आणि कोपऱ्याकोपऱ्यात इंधन साचून राहिलेलं असतं. जेट इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचाच भाऊबंद. त्याच्या वाफेचं हवेतलं प्रमाण 0.7 टक्क्याच्या आसपास गेलं की मिश्रण पेट घेऊ शकतं. हिशेब मांडून बघा: एक घनमीटर हवा पेटती करायला साधारण 60 मिलिलीटर इंधनाची वाफ पुरते, म्हणजे चार मोठे चमचे. फासळीच्या मागे एवढं इंधन सहज राहून जातं. शिवाय ही वाफ हवेहून कितीतरी जड, त्यामुळे ती तळाशी बसून राहते.

दिलासा एवढाच की या इंधनाची पुरेशी वाफ व्हायला उष्णता लागते. लष्करी जेपी-8 इंधनाचा ज्वलनबिंदू किमान 38 अंश सेल्सिअस ठेवलेला असतो. त्याहून थंड द्रवावरची वाफ सहसा पेटण्याइतकी दाट होत नाही. अमेरिकी हवाई दल पूर्वी जेपी-4 वापरायचं. त्यात पेट्रोलसारखा हलका भाग बराच असे आणि ते शून्याखालच्या तापमानातही पेटण्याइतकी वाफ सोडायचं. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची जागा जेपी-8ने घेतली. विमानवाहू जहाजांवर याहून कडक नियम आहे: तिथल्या जेपी-5चा ज्वलनबिंदू किमान 60 अंश. जहाजाच्या पोटात आग लागली तर पळायला जागा नसते.

पण 38 अंश म्हणजे काही फार नाहीत. 17 जुलै 1996 रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या टीडब्ल्यूए 800 या प्रवासी विमानाची मधली टाकी जवळजवळ रिकामी होती. खालच्या वातानुकूलन यंत्रणेच्या उष्णतेने तळाशी उरलेलं इंधन तापलं, वाफ झाली, स्फोट झाला आणि 230 माणसं गेली. मेकॅनिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. जुनं सीलंट खरवडल्यावर पत्रा पुसायला तो जो सॉल्व्हंट टाकीत नेतो, तोच कित्येकदा इंधनापेक्षा घातक असतो. अशाच एका सॉल्व्हंटचा, मिथाइल इथाइल कीटोनचा, ज्वलनबिंदू उणे 9 अंश आहे. अर्धा तास खपून शुद्ध केलेली हवा एका भिजल्या बोळ्याने पुन्हा बिघडू शकते. म्हणून वायुमापक यंत्र आत जाताना एकदा बघून भागत नाही, ते काम चालू असताना सतत चालू लागतं.

या यंत्रावर आकडे कोणत्या क्रमाने वाचायचे तेही ठरलेलं आहे. आधी ऑक्सिजन, मग पेटणारी वाफ. कारण वाफ मोजणारे बरेचसे सेन्सर ती वाफ आत जाळून मोजतात. ऑक्सिजनच कमी असेल तर ती नीट जळत नाही आणि सेन्सर धोका असताना खोटा दिलासा देतात. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या श्वासावर आत जायचं नाही. वाफ पेटण्याच्या मर्यादेच्या एकदशांशाहून जास्त असेल तरी थांबायचं. नाकावर भरवसा ठेवायची सोयच नाही, कारण थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावतं.

ऑक्सिजनची भीती उगाच नाही. अलीकडच्या अनेक लष्करी विमानांत टाकीतल्या मोकळ्या जागेत मुद्दाम नायट्रोजन जास्त असलेली हवा भरतात. ऑक्सिजन 9 टक्क्यांच्या खाली ठेवला की गोळी घुसली तरी टाकी पेटत नाही. विमान वाचवणारी हीच हवा माणसाने घेतली तर काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते, आणि तीही न गुदमरता. गुदमरल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. नायट्रोजनमध्ये तो उच्छ्वासातून निघून जात राहतो, त्यामुळे शरीर ओरडतच नाही. टाकीत शिरायच्या भोकापाशी, म्हणजे मॅनहोलपाशी, दुसरा माणूस सतत उभा असतो तो याचसाठी. आतल्याचा आवाज बंद झाला तरी त्याने घाईने स्वतः आत उडी मारायची नाही, मदत बोलवायची. मला हा या कामातला सर्वांत कठीण नियम वाटतो.

मॅनहोल तरी केवढं, तर एक हात डोक्यावर ताणून, खांदे तिरके करून कसंबसं शिरता येईल एवढं लंबगोल. आत फासळ्यांमधून पालथं सरकायचं. अंगात सुती कपडे, कारण कृत्रिम धाग्यांच्या घर्षणाने अंगावर वीज साठते. पेटत्या मिश्रणाला ठिणगीची ऊर्जा पाव मिलिज्यूल पुरते, म्हणजे अडीच ग्रॅमची वस्तू एक सेंटीमीटर खाली पडताना जेवढी सुटते तेवढीच. माणसाच्या अंगावर 2000 व्होल्ट साठले तर ठिणगीत याहून थोडी जास्तच ऊर्जा असते, आणि एवढा झटका बोटाला बहुधा जाणवतही नाही. म्हणून विमान जमिनीशी तारेने जोडलेलं असतं आणि माणूसही आत जाण्याआधी आपल्या अंगावर साठलेली वीज उतरवतो.

आता नवा लेप. टाकीतल्या सांध्यांसाठी लागणाऱ्या घट्ट सीलंटच्या नावातला आकडा त्याचे तास सांगतो: बी-2 म्हणजे कालवल्यापासून साधारण दोन तासांत फासून संपवायचं. हे दोन तास 25 अंश तापमानाचे. उन्हात ते आटतात, थंडीत लांबतात. घट्ट व्हायला तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्या रसायनाला हवेतली आर्द्रताही हवी असते, म्हणून नुसत्या उष्णतेने घाई करता येत नाही. आतल्या लेपाला बोट लावून बघणं म्हणजे तो बिघडवणं. त्यासाठी त्याच घाण्यातला थोडा लेप बाहेर एका पत्र्यावर फासून ठेवतात आणि त्याचा कडकपणा तपासत राहतात. तो तुकडा अजून मऊ असेल, तर विमानाची कितीही निकड असो, मॅनहोलचं झाकण उघडंच राहतं.