‘युडायस’ हे काम नव्हे

साडेदहाचा परिपाठ चालू असतो आणि खिशातला फोन तीनदा थरथरतो. केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘माहिती आजच 12 वाजेपर्यंत’, पंचायत समितीकडून एक्सेल फाईल, आणि एका पालकाचा दाखल्यासाठी निरोप. तेवढ्यात स्वयंपाकाच्या ताई दारात येतात, “गुरुजी, आज तांदूळ किती काढू?” पट 47, हजर 42, पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम, म्हणजे 4 किलो 200 ग्रॅम. एवढा हिशेब होईस्तोवर 12 ची माहिती डोक्यातून निघून गेलेली असते. विदर्भातल्या कुठल्याही दोनशिक्षकी शाळेत हे रोज घडतं.

याला विसरभोळेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. हातातलं काम करताना मेंदू जी माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवतो, तिची जागा फार थोडी असते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने 2001 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार साधारण चार गोष्टी. पाचवी आत आली की आधीची एखादी बाहेर पडते. म्हणून कामांची यादी हवीच. पण ती कशी लिहायची, यातच बहुतेकांचं फसतं.

पुढे करायच्या कामाची आठवण दोन तऱ्हांची असते. एक घड्याळावर टांगलेली, म्हणजे ‘सव्वाबाराला माहिती पाठवायची’. दुसरी प्रसंगावर टांगलेली, म्हणजे ‘ताटं धुवून झाली की पाठवायची’. दुसरी सहसा सोपी जाते, कारण प्रसंग आपणहून समोर येतो, वेळेवर मात्र आपल्याला लक्ष ठेवावं लागतं. मग गजर लावू, असं वाटतं. पण सव्वाबाराला तुम्ही चौथीला भागाकार शिकवत असता, हाताला खडू असतो, गजर बोटाने बंद होतो आणि आठवण तिथेच खर्ची पडते. शिवाय आपल्याकडे ऊन तापलं की सकाळची शाळा लागते. साडेदहा धरून लावलेले सगळे गजर त्या दिवसापासून बिनकामाचे. परिपाठ, आहार, शेवटची घंटा हा क्रम मात्र कोणत्याही पाळीत तोच राहतो.

तेव्हा गुगल टास्क्समध्ये, म्हणजे कामांच्या याद्या ठेवायच्या फोनवरच्या अॅपमध्ये, ‘शाळा’ नावाची एकच लांबलचक यादी करू नका. ‘परिपाठाआधी’, ‘आहारानंतर’, ‘शेवटच्या घंटेआधी’ अशा तीन याद्या करा. चौथी ‘रेंजमध्ये’: फोटो चढवणं, पोर्टलवर नोंद, जे काही गावाबाहेरच्या फाट्यावर किंवा शाळेच्या ज्या एका कोपऱ्यात नेटवर्क मिळतं तिथेच होतं ते. पाचवी ‘तालुक्याला गेल्यावर’. ही पाचवी यादी सगळ्यात जास्त पेट्रोल वाचवते. शिक्का राहिला म्हणून 30 किलोमीटरचा दुसरा हेलपाटा कोणाला परवडतो?

आता शब्द. ‘युडायस’ (शाळेची आणि मुलांची माहिती भरायची सरकारी प्रणाली) असं लिहिलेली ओळ महिनाभर तशीच पडून राहते, कारण ते काम नाही, कामांचं गाठोडं आहे. डोळा त्यावर पडतो, पण हात कुठे घालायचा ते कळत नाही आणि नजर पुढे सरकते. त्याऐवजी लिहा: ‘आहारानंतर, दाखल-खारीज रजिस्टर काढून पाचवीच्या 3 मुलांच्या जन्मतारखा आधारशी ताडून बघणे’. क्रियापद, आकडा, वस्तू आणि प्रसंग, चारही आले. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा संकल्पांवर बरंच काम केलं आहे. त्यांच्या 1997 च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे लिहिणार हे आधी ठरवलेल्यांपैकी बहुतेकांनी तो वेळेत पाठवला, न ठरवलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांनी. आधार क्रमांक किंवा मुलांची पूर्ण नावं मात्र यादीत लिहू नका, हजेरी क्रमांक पुरतो. फोन घरात पोरांच्याही हाती जातो.

ठरलेल्या दिवशी तेच काम आपोआप परत यादीत आणणारी ‘पुन्हा’ ही सोय जपून वापरा. लोहाच्या गोळ्यांचा आठवड्याचा वार, व्यवस्थापन समितीची मासिक सभा, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टचा जंतनाशक दिन यांना ती शोभते. रोजची हजेरी यादीत घालण्यात अर्थ नाही, ती सवयीनेच होते. रोज तेच दहा रकाने टिचकी मारून मिटवायची सवय लागली की अकरावं, खरं नवं कामही त्याच ओघात मिटतं.

वेळेचा अंदाज हा आणखी एक खड्डा. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी 33.9 दिवसांत संपेल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात 55.5 दिवस लागले. तेही पोर्टल बंद पडत नसताना! पोर्टलचं कुठलंही काम मनात येईल त्याच्या दुप्पट वेळेचं धरा आणि शेवटच्या तारखेऐवजी तीन दिवस आधीची तारीख टाका.

आठवणच वाजली नाही, अशी तक्रार असेल तर अॅपला दोष देण्याआधी फोनची सेटिंग बघा. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच अँड्रॉइड फोन न उघडलेली अॅप मागे झोपवून ठेवतात. त्या अॅपपुरतं बॅटरीचं बंधन काढलं की बहुधा प्रश्न सुटतो. नेटवर्क नसतानाही काम टाइप करता येतं, रेंज आली की ते खात्यात जाऊन बसतं. फक्त तोवर दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर दिसणार नाही. आणि गटावर आलेला आदेश तिथेच ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. संध्याकाळपर्यंत त्यावर चाळीस ‘ओके सर’ आणि दोन वाढदिवस चढलेले असतात. वाचला त्याच क्षणी यादीत एक ओळ टाका.

शेवटच्या घंटेआधी पाच मिनिटं राखा. अर्धवट कामं मनात घोळत राहतात, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांच्या 1927 च्या बर्लिनमधल्या प्रयोगांपासूनची. तिचे निकाल पुढे सगळ्यांना तसेच मिळाले नाहीत. पण 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांना एक उपयोगी गोष्ट दिसली: घोळणं थांबायला काम संपावंच लागत नाही, ते कसं करायचं याचा नेमका बेत ठरला तरी चालतं. म्हणून राहिलेल्या प्रत्येक ओळीला उद्याचा प्रसंग जोडा, नाहीतर ती खोडा. ‘दाखला, उद्या परिपाठाआधी, जनरल रजिस्टर कपाटातून काढून ठेवणे.’ मग फोन खिशात, कुलूप दाराला.